सामुदायिक प्रार्थनेत आवाज किती असावा?

शास्त्रवाचन : १ शमुवेल १.९–१८, प्रे. कृत्ये ४.२३–३१; १ करिंथ १४.१३–१९

गावोगावच्या मंडळ्यांत एक वाद वारंवार उद्भवतो. कित्येक म्हणतात, मोठ्याने केल्याशिवाय प्रार्थनेत आवेश येत नाही. दुसरे म्हणतात, देव बहिरा नाही, मग ओरड कशास? ह्या वादात मने दुखावतात, आणि जी प्रार्थना आपणांस एक करावयाची तीच फूट पाडते. म्हणून शास्त्र काय शिकविते ते पाहू.

१. देवास आवाजाची गरज नाही. शिलो येथे हन्ना मनातच बोलत होती. ओठ तेवढे हलत होते. एली याजकास ती मद्य प्यालेली वाटली, परंतु देवाने तिचे ऐकले. उलट, कर्मेल डोंगरावर बआलाचे संदेष्टे सकाळपासून ओरडत राहिले, तरी उत्तर आले नाही (१ राजे १८). आवाज चढविल्याने देव जवळ येतो, ही समजूत विश्वासाची नव्हे.

२. तथापि मोठा आवाज म्हणजे ढोंगच, असेही नाही. यरुशलेमेतील मंडळीस धमकी मिळाली, तेव्हा तिने एकचित्ताने आवाज उंचावून प्रार्थना केली. खुद्द प्रभूनेही मोठा आक्रोश करून व अश्रू गाळून विनंत्या केल्या (इब्री ५.७). आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली पंडिता रमाबाईंनी मुलींस प्रार्थनेसाठी बोलाविले. प्रथम सुमारे ७० जणी जमल्या. जूनपर्यंत ती संख्या सुमारे ५५० झाली. जूनच्या अखेरीस एके सायंकाळी बाई योहानाच्या ८ व्या अध्यायावर आपल्या नेहमीच्या शांत रीतीने शिकवीत असता सर्व मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि बाईंस बोलणे थांबवावे लागले. तेथे कोणी आवाजाची आज्ञा केली नव्हती. पापाच्या जाणिवेने अंतःकरण भरून आले व तेच मुखावाटे बाहेर पडले. आज ती जाणीव नसता केवळ तो गलबला उत्पन्न करू पाहणे म्हणजे पावसावाचून पूर आणू पाहणे होय.

३. मग माप कोणते? पौल विचारतो की, ज्यास तुमचे बोलणे कळत नाही, तो आमेन कसा म्हणेल? हेच आपले माप. एकांतात तुम्ही आणि देव, दोघेच असता. मंडळीत तुमच्या शब्दांवर बंधूचा आमेन टेकलेला असतो. जो पुटपुटतो तो बंधूचा आमेन हिरावून घेतो. आणि जो दुसऱ्याचा आवाज बुडवितो तोही तेच करतो.

रोह्याजवळील वरसे यासारख्या गावी चार कुटुंबे एखाद्याच्या ओटीवर जमली, तर प्रार्थना चालविणाऱ्याने इतकेच पाहावे की, कोपऱ्यात बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या आजीबाईस प्रत्येक शब्द कळावा. त्याहून अधिक आवाज कशास? भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे आजारी माणूस निजले असेल. त्याची झोपमोड करून त्याच्या आरोग्याची प्रार्थना कशी शोभेल?

सर्वांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करावयाची असल्यास प्रचारकाने तसे आधी सांगावे, ती थोडा वेळ चालू द्यावी, मग क्षणभर सर्वांनी स्तब्ध राहावे, व एकाने समाप्ती करावी. ज्यास चारचौघांत बोलण्याचे धैर्य नाही, त्यास ही रीत कधीकधी उपयोगी पडते. पण दर खेपेस तसेच केले, तर तो एकट्याने बोलावयास कधीच शिकणार नाही. त्यास एकच वाक्य बोलू द्या, आणि त्यावर सर्वांनी मनापासून आमेन म्हणा.

आणखी एक गोष्ट. हळू बोलणाऱ्यास थंड व मोठ्याने बोलणाऱ्यास ढोंगी ठरवू नका. एली ओठांकडे पाहून चुकला. देव अंतःकरण पाहतो.

विचारासाठी प्रश्न : (१) आपल्या सभेत शेवटी बसणाऱ्यास प्रार्थना ऐकू जाते काय? त्यासच विचारा. (२) गेल्या महिन्यात कोणी मुळीच तोंड उघडले नाही? त्यांस कशाची भीती वाटते? (३) आपली प्रार्थना ऐकून शेजाऱ्यांस आपण भांडत आहो असे वाटते, की आपण पित्याशी बोलत आहो असे?