पुढचे चाक जमीन का सोडते?

आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी दुधाचा व्यवसाय करतो. ढाणकीपासून काही अंतरावर, उमरखेड तालुक्याच्या बंदीभागात त्याचे गाव आहे. रोज पहाटे मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून तो ढाणकीला दूध आणतो. रस्ता थोडा डांबरी, बाकी मुरूम आणि गिट्टीचा. गेल्या पावसाळ्यानंतर एका वळणावर त्याच्या गाडीचे पुढचे चाक उसळले, गाडी सरळ शेतात गेली आणि त्याचे मनगट मोडले. हात गळ्यात बांधून तो मला भेटला तेव्हा त्याने विचारले, "सर, आठ दिवसांआधीच शॉकअप कडक करून घेतले होते. मग गाडी काऊन उडाली?"

शॉकअप कडक केले तरीही गाडी उडाली, असे त्याला म्हणायचे होते. शॉकअप कडक केले म्हणूनच ती उडाली असेल का, असा प्रश्न माझ्या मनात आला.

विद्यार्थी मित्रांनो, आधी शॉकअपच्या आत काय असते ते पाहू. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोन दुर्बिणी असतात असे समजा. वरची चकचकीत पोलादी नळी खालच्या जाड नळीत सरकते. आत एक लांब स्प्रिंग असते, थोडे तेल असते आणि तेलाच्या वर हवा कोंडलेली असते. स्प्रिंग, तेल आणि हवा यांची कामे वेगवेगळी आहेत, आणि बहुतेक घोटाळा त्यांची गल्लत केल्यामुळे होतो. अशी सरकती नळी आणि तेलाचा विरोध यांची जोडी बीएमडब्ल्यू कंपनीने 1935 साली आपल्या आर-12 आणि आर-17 या गाड्यांना बसवली. आज गावोगावी धावणाऱ्या साध्या मोटारसायकलींच्या पुढच्या शॉकअपचे तत्त्व तेच आहे.

प्रथम स्प्रिंग घेऊ. हुकचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: स्प्रिंग जितकी दाबावी तितके तिचे बल त्या प्रमाणात वाढते. आकडे सोपे पडावेत म्हणून समजा, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून 1 सें. मी. दाबायला 100 न्यूटन बल लागते आणि त्यांच्यावर गाडी व स्वार यांचा 60 कि. ग्रॅ. इतका वाटा येतो. गुरुत्वत्वरण 10 मीटर प्रति वर्ग सेकंद धरले तर हा भार 600 न्यूटन झाला. म्हणजे स्प्रिंग 6 सें. मी. दबली पाहिजे. पण कारखान्यात स्प्रिंग बसवतानाच ती थोडी, समजा 2 सें. मी., दाबून वरचे बूच लावलेले असते. म्हणून स्वार बसल्यावर शॉकअप आणखी 4 सें. मी.च खाली जाते. या 4 सें. मी.ना आपण गाडीची 'बैठक' म्हणू. शॉकअपची एकूण चाल 12 सें. मी. असेल, तर खड्ड्यात खाली जायला चाकाजवळ 4 सें. मी. आणि दगडावर चढायला 8 सें. मी. शिल्लक राहतात. (शॉकअप उभे नसून तिरपे असते, हे आपण येथे सोडून दिले आहे.)

आता आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीत काय झाले ते पाहा. पुढचा भाग फार खाली बसतो अशी त्याची तक्रार होती. तेव्हा मेकॅनिकने वरचे बूच उघडून प्रत्येक स्प्रिंगवर लोखंडी पाइपाचा 3 सें. मी. लांबीचा तुकडा ठेवला आणि बूच पुन्हा आवळले. ही युक्ती सर्रास केली जाते. गाडी लगेच वर उठते, गिऱ्हाईक खूश होते. पण स्प्रिंग कडक झाली का? मुळीच नाही. तिला आणखी 1 सें. मी. दाबायला आधीही 100 न्यूटन लागत होते, आताही 100 न्यूटनच लागतात. पाइपाच्या तुकड्याने स्प्रिंगचा स्थिरांक बदलत नाही. बदलली ती बैठक. आधीचा दाब 2 वरून 5 सें. मी. झाला, म्हणून बैठक 4 वरून 1 सें. मी.वर आली.

ही बैठक कशासाठी लागते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गाडी सेकंदाला 10 मीटर वेगाने, म्हणजे ताशी 36 किलोमीटरने जात आहे. वाटेत एक खोलगट जागा आली आणि तिच्या काठापासून तळापर्यंतचे अंतर अर्धा मीटर आहे. ते अंतर कापायला 0.05 सेकंद लागतील. तेवढ्या वेळात केवळ गुरुत्वाकर्षणाने वस्तू किती खाली येते? ½ × 10 × 0.05 × 0.05, म्हणजे सव्वा सें. मी. फक्त! खड्डा 4 सें. मी. खोल असेल तर चाक हवेतच राहील. प्रत्यक्षात चांगल्या गाडीचे चाक खड्ड्यात उतरते, कारण त्याला स्प्रिंग खाली ढकलते. चाक, ब्रेक आणि खालच्या नळ्या मिळून 12 कि. ग्रॅ. धरा. स्प्रिंगचे बल आरंभी 600 न्यूटन असल्याने त्यांना 50 मीटर प्रति वर्ग सेकंद इतके त्वरण मिळते. त्यात गुरुत्वत्वरणाचे 10 मिळवले की 60 झाले. याच त्वरणाने चाक 0.05 सेकंदात साडेसात सें. मी. खाली गेले असते. स्प्रिंग मोकळी होताना तिचे बल घटते आणि तेलही अडवते, म्हणून निम्मेच धरा. तरी साडेतीन-पावणेचार सें. मी. होतात. चाक जमिनीला जवळजवळ चिकटून राहिले!

पण बैठक 1 सें. मी.च असेल तर? चाक 1 सें. मी. उतरते आणि शॉकअपची चाल संपते. आतून 'टक्' असा आवाज येतो. यापुढे स्प्रिंग चाकाला ढकलू शकत नाही; चाक आणि गाडी एकच वस्तू बनून केवळ गुरुत्वाकर्षणाने पडत राहतात. जमिनीला न टेकलेल्या चाकाला घर्षण नाही. घर्षण नाही म्हणजे वळणे नाही आणि ब्रेकही नाही. वळणावर हँडल फिरवले तरी गाडी न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे सरळ जाणार, आणि ती तशीच गेली.

आता तेलाचे काम. ताणून सोडलेली स्प्रिंग वरखाली होत राहते, हे आपण प्रयोगशाळेत पाहतो. आपल्या गाडीचा आवर्तकाल काढा: 2π गुणिले 60 भागिले 10,000 याचे वर्गमूळ. उत्तर सुमारे अर्धा सेकंद येते. म्हणजे सेकंदाला दोन आंदोलने. आपल्याकडची काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला त्यामुळे लाटा पडतात. अशा लाटा समजा चार-चार मीटरवर असल्या आणि गाडी सेकंदाला 8 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 29 किलोमीटर वेगाने गेली, तर तिला सेकंदाला नेमके दोन धक्के बसतील. हे झाले अनुस्पंदन. झोपाळ्याला वेळेवर झोका द्यावा तशी गाडी प्रत्येक लाटेवर अधिकाधिक उसळेल. ही ऊर्जा काढून घेण्याचे काम तेलाचे. नळी सरकताना तेलाला बारीक भोकांतून जावे लागते, त्याला विरोध होतो आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत बदलते. यालाच अवमंदन म्हणतात. ऑइल सील गळून तेल कमी झाले की अवमंदन संपते.

एक सोपा प्रयोग करा. सुई नसलेली नवी, मोठी सिरिंज पाण्याने भरा आणि दांडा हळूहळू दाबा. विरोध जाणवतही नाही. आता झटक्याने दाबा. अंगठ्याला एकदम कठीण लागते. आखूड भोकातून द्रव जाताना विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, विरोध चौपट. आणखी एक गोष्ट लक्षात येईल. रबरी बुचाच्या घर्षणामुळे अगदी हलक्या दाबाला दांडा हलतच नाही, मग एकदम सुटतो. शॉकअपची नळी किंचित वाकलेली असेल किंवा दोन नळ्या समांतर नसतील, तर हाच प्रकार तिथे होतो. बारीक खडीवर गाडी थरथरते आणि आपण उगीच स्प्रिंगला दोष देतो.

वेगाच्या वर्गाचा हा नियम कच्च्या रस्त्यावर फार त्रास देतो. लाटेवर गाडी अडीच सें. मी. वरखाली होत असेल तर नळी सरकण्याचा महत्तम वेग सेकंदाला सुमारे 0.3 मीटर असतो. पण 6 सें. मी. उंचीचा दगड 20 सें. मी. अंतरात चढायचा झाला, तर ताशी 36 किलोमीटरला तेच चाक सेकंदाला 3 मीटर वेगाने वर येते. वेग दहापट, म्हणून विरोध शंभरपट! लाटेवर 100 न्यूटन विरोध असेल तर दगडावर तो 10,000 न्यूटन भरेल. जवळजवळ एक टन वजनाएवढा. मग शॉकअप दबतच नाही, सगळा दणका मनगटात येतो. भोके मोठी केली तर दगड सुसह्य होतो, पण गाडी लाटांवर डोलू लागते. दाट तेल घालून पाहावे, तर दोन्हीकडचा विरोध वाढतो. आलेखाचा आकार तोच राहतो.

ही कोंडी फोडली ती झडपांनी. खडकाळ रानात धावणाऱ्या गाड्यांच्या शॉकअपमध्ये भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. तेलाचा दाब वाढला की चकत्या वाकतात आणि तेलाला वाट मोठी होते. त्यामुळे विरोध वेगाच्या वर्गाने न वाढता साधारण वेगाच्या प्रमाणात वाढतो. दगडावर 10,000 ऐवजी 1,000 न्यूटनच्या आसपास! मला विचाराल तर मोटारसायकलमधील ही सर्वांत सुंदर युक्ती आहे. साध्या शॉकअपच्या आतही स्प्रिंगखाली बसवता येईल अशी लहान झडप आता मिळते. शिवाय या गाड्यांची चाल लांब असते. 2019 साली आलेल्या हिरो एक्सपल्स 200 या गाडीच्या पुढच्या शॉकअपची चाल 19 सें. मी. आहे. 2024 च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉसची शर्यत झाली. तसल्या उड्यांच्या गाड्यांत ती 30 सें. मी.च्या घरात असते.

राहिली हवा. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण बॉइलचा नियम इथे छान कामाला येतो. तेलावर हवेचा स्तंभ 16 सें. मी. असून नळीचे क्षेत्रफळ 5 वर्ग सें. मी. आहे असे माना. नळी 6 सें. मी. दबली की स्तंभ 10 सें. मी. उरतो, दाब 1.6 वातावरण होतो आणि जादा बल येते 30 न्यूटन. पूर्ण 12 सें. मी. दबली की स्तंभ 4 सें. मी., दाब चौपट, जादा बल 150 न्यूटन. आता तेलाची पातळी 2 सें. मी. वाढवा. मधल्या टप्प्यावर बल 30 चे 37 होते, फरक कळणारही नाही. शेवटी मात्र स्तंभ 14 चा 2 उरतो, दाब सातपट होतो आणि बल 300 न्यूटन, म्हणजे दुप्पट! शॉकअप मोठ्या खड्ड्यात तळाला आपटत असेल, तर पाइपाचा तुकडा न घालता तेलाची पातळी थोडी वाढवावी, हे यावरून दिसते. थोडीच, फार भरले तर सील फुटतील.

आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीचे काम आम्ही एका रविवारी केले. स्प्रिंग बाहेर काढून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली, तर जुनी चांगली दोन सें. मी. खचलेली निघाली. गाडी खाली बसण्याचे मूळ कारण हेच होते. नव्या स्प्रिंगा, नवे सील, दोन्हीकडे पट्टीने मोजून सारखे तेल, आणि पाइपाचे तुकडे भंगारात. चाकाचा आस आवळताना गाडी तीन-चार वेळा दाबून मगच शेवटचे बोल्ट घट्ट केले, म्हणजे नळ्या आपोआप समांतर झाल्या. मग चकचकीत नळीवर रबराचे कडे चढवून खालपर्यंत सरकवले आणि त्याला सावकाश गाडीवर बसवून उतरवले. कडे वर जिथे थांबले तिथपर्यंत पट्टीने मोजले: चार सें. मी.ला दोन मिलिमीटर कमी.

तुमच्या शिक्षकांच्या किंवा वडिलांच्या गाडीवर, त्यांची परवानगी घेऊन, हे कडे चढवून पाहा. पुढचे चाक दोघांनी उचलून नळी पूर्ण मोकळी केल्यावर कडे खाली सरकवायचे, हे विसरू नका. मग गाडी नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारून येऊ द्या. कडे आता कुठवर गेले आहे? ते चालीच्या टोकाला पोचले असेल तर तेल कमी की स्प्रिंग खचलेली, हे ठरवायला बैठकीचा आकडा पुरेल का, ते वहीत मांडून पाहा.