विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ

दिल्लीहून हावड्यास कानपूर-गयामार्गे जाणारा लोहमार्ग सुमारे १,४५० किलोमीटर लांबीचा आहे. विमानाचे अंतर मात्र पृथ्वीच्या गोलावर मोजावे लागते. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ आणि कोलकात्याचा डमडम येथील विमानतळ यांच्या अक्षांशांत जवळजवळ ६ अंशांचा, तर रेखांशांत ११ अंशांहून थोडा अधिक फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आखूड होत जातो. या पट्ट्यात तो १०० किलोमीटरच भरतो. काटकोन त्रिकोणाच्या साध्या रीतीने हिशेब केल्यास दोहोंमधील अंतर १,३०० किलोमीटरांहून किंचित अधिक येते. (दिल्ली-लंडनसारख्या लांबच्या पल्ल्यास ही रीत पुरी पडणार नाही.)

हे अंतर जाता-येता सारखेच. वेळ मात्र सारखा नसतो. विमान हवेतून पुढे सरकते आणि ती हवाच वाहत असते. नदीतील नावेला प्रवाहाबरोबर जाणे सोपे व उलट जाणे कष्टाचे, तसेच हे आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतो. समजा, हवेतील विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर असून मार्गाच्या दिशेने वाऱ्याचे साहाय्य १५० किलोमीटरांचे आहे. मग १,३०० किलोमीटर जाण्यास ८० मिनिटे लागतील, परतण्यास ११५. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १८८ मिनिटांत झाल्या असत्या; वाऱ्यामुळे १९५ लागतात. जाताना मिळालेला लाभ येतानाचा तोटा भरून काढीत नाही, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमानाला अधिक काळ राहावे लागते. वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ दिसतो, तो धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि खोळंबा यांसह.

हा फरक केवळ प्रवाशांच्या सोयीचा नाही. डिसेंबर-जानेवारीत वारा परतीच्या विमानाच्या विरुद्ध असतो आणि नेमके तेव्हाच दिल्लीत दाट धुके पडते. म्हणून दिल्लीपर्यंतच्या इंधनाखेरीज पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते आणि त्यावर सुमारे अर्धा तास घिरट्या घालण्यापुरते इंधन घ्यावे लागते. लखनौ वाटेवरच असले, तरी गंगेच्या मैदानातील धुके तेथेही असण्याचा संभव. जयपूर निवडावे, तर दिल्लीच्याही पुढे जावे लागते. इंधन वाटेल तेवढे भरावे म्हटले, तर त्याचे वजन वाहून नेण्यातच त्यातील काही भाग खर्च होतो. नियोजनाची खरी कसोटी येथे लागते.

पावसाळ्याच्या आरंभी हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेस सरकतो आणि जाण्या-येण्याच्या वेळांतील तफावत कमी होते. परंतु तेव्हा उंच वाढलेल्या गडगडाटी ढगांना वळसा घालावा लागला, तर प्रत्यक्ष कापावयाचे अंतरच वाढते.