नंबर पडण्याआधी

चांदसैली घाटात पुढची एसटी थांबली म्हणून मीही थांबले. चढ होता, मागे एक पिकअप, डाव्या हाताला पावसाने खाली आलेले दगड. एसटी हलली तसा ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी मागे सरकली. फार नाही, हातभर. पिकअपवाल्याने जोरात हॉर्न दिला, शेजारी बसलेल्या सासूबाईंनी डॅशबोर्ड धरला आणि मी हँडब्रेक ओढला.

नवी गाडी घरी येऊन दीड महिना झाला होता. तोवर ती शहादा-तळोद्याच्या सपाट रस्त्यावरच फिरली होती. सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि ती पहिल्यांदा घाट चढत होती. ही गाडी मागे सरकायलाच नको होती. चढावर ब्रेक सोडला तरी दोनेक सेकंद गाडी धरून ठेवणारी सोय असते, तिला हिल होल्ड म्हणतात. तेवढ्यासाठी आणि सहा एअरबॅगसाठी मी वरचं मॉडेल बुक केलं होतं. माझं घर तळोद्याला, शाळा धडगाव तालुक्यात. शनिवारी घाट उतरायचा, सोमवारी पहाटे चढायचा. शोभेसाठी कुणी जास्तीचे पैसे मोजत असेल, मी या घाटासाठी मोजले होते.

त्या शनिवारी रात्री अंगणात मोबाईलच्या उजेडात माहितीपत्रक घेऊन गाडीत बसले. बाजूची एअरबॅग असलेल्या सीटच्या दाराकडच्या शिवणीत बोटाच्या पेराएवढी कापडी पट्टी असते, तिच्यावर इंग्रजीत एअरबॅग असं लिहिलेलं असतं. शिवणीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पट्टी नव्हती. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर दाराच्या खांबाच्या वरच्या टोकाला प्लास्टिकमध्ये तीच अक्षरं उठवलेली असतात. तिथेही प्लास्टिक सपाट. स्टीअरिंगवर होती, डाव्या डॅशबोर्डवर होती. सहाच्या जागी दोन, आणि त्या दोन तर आता कायद्यानेच सक्तीच्या आहेत.

मग फाइल काढली. बिलावर गाडीचं नाव बरोबर, रंग बरोबर, आणि शेवटी मॉडेलचं अक्षर वेगळं. एकच अक्षर. विम्याच्या पॉलिसीवर तेच अक्षर, आरसीवर तेच. बुकिंगच्या फॉर्मवर मात्र मी मागितलेलं. कागद पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते आणि मी ते आखाजीच्या घाईत न वाचता कपाटात ठेवले होते.

आखाजी आमच्याकडे केवढा सण, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागतं. अक्षय्य तृतीया, माहेरी आलेल्या लेकी, झाडाला बांधलेले झोके, घरात आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. त्या मुहूर्तावर गाडी दारात यावी असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. शोरूम जिल्ह्याबाहेरची, तिचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी तिथे जत्रेसारखी गर्दी. गाडीवर रेशमी कापड, हार, नारळ, पेढे. आमच्या ह्यांच्या हातात मोठी पुठ्ठ्याची चावी, फोटो. त्या गडबडीत माझ्यापुढे सात-आठ कागद आले. ‘मॅडम, इथं, इथं आणि इथं सही,’ असं म्हणत त्या मुलाचं बोट पुढे सरकत होतं. त्यातल्या एका कागदावर छापलेलं होतं की गाडी मागणीप्रमाणे, सर्व सोयींसह मिळाली. खाली माझी सही आहे. तारीख, वेळ, सगळं.

सोमवारी शोरूममध्ये फोन केला. पहिलं उत्तर आलं, ‘मॅडम, तुम्ही तपासून घेतली ना?’ दुसरं आलं, ‘आता नंबर पडलाय. गाडी कागदावर सेकंड हँड झाली, बदलून कशी देणार?’

हे दुसरं उत्तर मला फार लागलं, कारण व्यवहारात ते खरं होतं. नियमाने नोंदणीशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, शोरूमला गाडी ग्राहकाच्या ताब्यात देताच येत नाही. म्हणजे हार घालून गाडी आपल्यासमोर उभी राहते तेव्हा बहुधा कर भरून झालेला असतो, विमा उतरलेला असतो, आपलं नाव सरकारी नोंदीत गेलेलं असतं. आपण समजतो डिलिव्हरीचा दिवस तपासायचा. तो दिवस तपासायचा नाहीच, तेव्हा उशीर झालेला असतो. तपासायचं त्याच्या आधी, गोदामात, गाडी आपल्या नावावर लावल्याचं शोरूम सांगते त्या दिवशी. शोरूमवाले त्याला ॲलॉटमेंट म्हणतात. त्यांना सांगा, लेखी सांगा: चेसिस नंबर कळवा, गाडी दाखवा, मी पाहून हो म्हटल्यावरच बिल करा आणि नोंदणीला घाला. व्हॉट्सॲपवर एवढा एक निरोप मी पाठवला असता तर पुढचे चार महिने वाचले असते.

गोदामात गेल्यावर रंग आणि काचा बघत बसू नका, तो ओरखडा नंतरही निघतो. आधी चेसिस नंबर वाचा. सतरा अक्षरं-आकडे असतात, आणि इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. गाडीच्या पत्र्यावर कोरलेला नंबर आणि शोरूमने कळवलेला नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. कर्जाच्या कागदांसाठी त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात, तसा एक ठसा आपल्यासाठीही मागून घ्या. मग गाडी कुठल्या महिन्यात बनली ते पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे; टायर गाडीपेक्षा फार जुना असेल तर का, ते विचारा. आणि ज्या सोयींसाठी तुम्ही वरचं मॉडेल घेतलं त्या स्वतः हाताने तपासा. मागच्या दारावरच्या चकचकीत अक्षरांवर विसंबू नका, ती चिकटवलेली असतात. माहितीपत्रक बुकिंगच्या तारखेचंच जपून ठेवा. कंपन्या वर्षाच्या मध्येही सोयी कमीजास्त करतात आणि तळाशी बारीक अक्षरात तसं लिहूनही ठेवतात.

बुकिंगच्या फॉर्मवर मॉडेलचं अक्षर स्वतःच्या हाताने लिहा. ‘टॉपच्या खालचं’ असं तोंडी बोलणं तिथे चालतं, पुढे कुठेच चालत नाही. माझी बाजू शेवटी सावरली ती माझ्याच अक्षरातल्या त्या फॉर्ममुळे आणि बँकेच्या मंजुरीपत्रामुळे. बँकेने कर्ज वरच्या मॉडेलच्या कोटेशनवर दिलं होतं, पैसे थेट शोरूमला गेले होते. व्यवस्थापकांनी फाइल उघडून तेवढं लेखी दिलं. कर्ज असेल तर बँकेला अंधारात ठेवू नका. गाडीवर तिचाही बोजा आहे, चुकीची गाडी तिलाही नको असते.

आणखी एक गोष्ट मला बँकेतच कळली. शोरूमकडे प्रत्येक ग्राहकाचं खातं असतं, त्याचा उतारा मागता येतो. मी मागितला. भरलेले पैसे वरच्या मॉडेलचे, बिल खालच्याचं, आणि मधले ८४ हजार रुपये माझ्या नावावर नुसते जमा पडलेले. चूक होती की आणखी काही, हे मी आजही सांगू शकत नाही. पण तो उतारा हातात आल्यावर फोनवरची भाषा बदलली.

मग त्यांनी सीट कव्हर, मोठा स्क्रीन, तीन सर्व्हिस फुकट असं देऊ केलं. माझा भाऊ म्हणाला, घेऊन टाक. मी घेतलं नाही, आणि कुणी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा का त्या बदल्यात ‘तक्रार मिटली’ या कागदावर सही झाली की हातात काही उरत नाही. एअरबॅग किंवा हिल होल्ड नंतर बसवूनही मिळत नाहीत. त्यांची तारांची जाळी, सेन्सर, ब्रेकची यंत्रणा कारखान्यातच बसते. ‘बाहेरून करून देतो’ म्हणणाऱ्याला गाडीच्या तारा कापू देऊ नका. वॉरंटी जाते, आणि कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे तक्रार नोंदवली, कंपनीला ईमेल केला, शोरूमला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवली. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं, विक्रेत्याशी बोला म्हणून. त्याचा राग आला होता, पण नंतर गोव्याचा एक खटला वाचला आणि डोळे उघडले. एका ग्राहकाने २०११ मध्ये टाटा इंडिगोचे पूर्ण पैसे भरले. विक्रेत्याने पुढे केली २००९ ची गाडी, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली, अंगावर ओरखडे. त्याने पैसे परत किंवा तशीच नवी गाडी मागितली. ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत कंपनीलाही जबाबदार धरलं गेलं. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सविरुद्धचे आदेश रद्द केले. कंपनी आणि विक्रेता यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं, गाडीत उत्पादनाचा दोष नाही, आणि विक्रेत्याच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती असं दिसत नाही, अशी त्यामागची कारणं. दहा वर्षं गेली त्यात. म्हणून तक्रार दोघांवर जरूर करा, पण पुरावे गोळा करताना विक्रेता काय बोलला, काय लिहिलं, कुणी पैसे घेतले, यावर सगळं लक्ष ठेवा.

प्रकरण आयोगात नेण्याची तयारी मी केली होती. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आम्हाला नंदुरबारला, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगापुढे चालते, पाच ते दहा लाखांच्या वस्तूला फी २०० रुपये, वकील लागतोच असंही नाही. नोटिशीत मी ही कलमं लिहिली. चाळीस दिवसांनी ८४ हजार आणि तेवढ्यावरचं कर्जाचं व्याज खात्यात जमा झालं.

गाडी मात्र तीच आहे. अजून चढावर मागे सरकते. आता मी हँडब्रेक धरूनच निघते, सवय झालीये. सासूबाई पुढे बसत नाहीत.

ज्यांना बिल वाचताच येत नाही त्यांचं काय होत असेल, हा विचार मात्र जात नाही. आमच्याकडे पावरी, भिली, अहिराणी बोलणारा माणूस आयुष्याची कमाई आणि कर्ज घालून पिकअप घेतो, आणि सगळे कागद इंग्रजीत. गेल्या हिवाळ्यात शाळेतल्या एका मुलाचे वडील आले. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही चला, आम्हाला काही समजत नाही.’ त्यांनी लांब हौद्याची पिकअप सांगितली होती, मिरची आणि केळीच्या मालासाठी. रविवारी गोदामात गेलो. मी टेप नेला होता. हौदा मोजला, तर कागदावरच्या मापापेक्षा फूटभर कमी.

गोदामातला माणूस त्यांना म्हणाला, ‘दादा, आठवड्यात दुसरी येईल, पण मुहूर्त जाईल.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेपकडे, आणि म्हणाले, ‘जाऊ द्या.’ नंबर पडलेला नव्हता. दहाव्या दिवशी दुसरी आली तेव्हा टेप त्यांनी स्वतः धरला. एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं त्यांच्या मुलाच्या.