हाताचे बळ कोठे असते?

उजव्या हाताची बाही वर करा. डावा पंजा उजव्या दंडावर ठेवा. आता उजवा हात कोपरात वाकवून मूठ खांद्याकडे आणा. दंडावर टणक गोळा आला ना? पोरं त्याला बेटकुळी म्हणतात. तो एक स्नायू आहे. स्नायू म्हणजे मांसाचा पट्टा.

हा पट्टा वर खांद्याच्या हाडाला आणि खाली कोपराच्या जरा पुढच्या हाडाला जोडलेला असतो. तो आखडला की आखूड आणि जाड होतो, व पुढचा हात वर ओढतो. पण बरे का, स्नायूला फक्त ओढता येते. ढकलता येत नाही. मग वाकलेला हात सरळ कोण करतो? दंडाच्या मागे दुसरा स्नायू आहे. त्याने कोपराचे टोक मागून धरलेले असते. तो आखडला की हात सरळ होतो. तुम्ही गाडी ढकलता तेव्हाही हा मागचा स्नायू आत ओढतच असतो.

ताक घुसळताना रवीची दोरी बघा. एक टोक ओढायचे, तर दुसरे सैल सोडावे लागते. दोन्ही टोके एकदम ओढली तर रवी जागीच अडते. हाताचेही तसेच आहे. आम्ही शाळेत हा धडा घेताना वर्गात खरीच रवी आणत असू. फळ्यावरच्या चित्रापेक्षा ती मुलांना लवकर समजे.

पुढचा स्नायू कोपरापासून दोनतीन बोटांवरच जोडलेला आहे. ओझे मात्र तळहातावर, म्हणजे दीड वीत लांब. म्हणून कोपर काटकोनात वाकवून 5 किलोची बादली धरली, तर स्नायूला सुमारे 35 ते 40 किलोंचा जोर लावावा लागतो! हात सरळ खाली सोडून तीच बादली न्या. दंड कमी दमेल.

आता बोटांकडे या. बोटांत असे मांसाचे पट्टे जवळजवळ नाहीतच. कोपर आणि मनगट यांच्या मधला भाग दुसऱ्या हाताने धरा. मूठ आवळा, सोडा. आत काहीतरी सरकते ना? बोटांना ओढणारे मोठे स्नायू तिथे आहेत. तिथून पांढऱ्या, चिवट दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत गेल्या आहेत. त्यांना कंडरा म्हणतात. लोक त्यांनाही शिरा म्हणतात, पण त्यांतून रक्त वाहत नाही.

ही गोष्ट माहीत नसली तर मोठा घात होतो. पोर झाडावरून पडते. कोपराजवळ हाड मोडते. कोणीतरी बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधतो. आत सूज चढते, बांधणी मात्र सैल होत नाही. स्नायूंना रक्त मिळत नाही. असे सहा तासांच्या आसपास राहिले तर ते मरू लागतात. मेलेला स्नायू पुढे आखडून घट्ट होतो, आणि बोटे कायमची वाकडी राहतात. दुखापत कोपराला, पण पांगळी होतात ती बोटे! रिखार्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने 1881 साली हा विकार नीट वर्णन करून सांगितला. त्यानेही घट्ट बांधणीकडे बोट दाखवले होते.

तेव्हा हात बांधल्यावर बोटे उघडी ठेवा व पाहत राहा. ती गार पडली, पांढरी वा निळी झाली, बधिर झाली, किंवा बोट जरा सरळ करताच पोर किंचाळले, तर सकाळची वाट बघू नका. बांधणी तिथल्या तिथे सोडा आणि रात्र असली तरी इस्पितळ गाठा. डॉक्टरांनी घातलेल्या प्लास्टरातही असे होऊ शकते. मग त्यांच्याकडेच लगेच परत जा.

प्लास्टर काढल्यावर हात बारीक दिसतो. घाबरू नका. काम नसल्याने स्नायू रोडावतात, काम मिळाले की पुन्हा भरतात. डॉक्टर सांगतील तसा हात पोराने स्वतःच हळूहळू हलवावा. कोपर तेलाने रगडणे किंवा जोराने ओढून सरळ करणे मात्र नको. त्याने मांसात हाडासारखी गाठ धरते, आणि कोपर आणखीच अडते.