वैनगंगेची दारे आणि आपली सावधगिरी

नदीचे मूळ शोधू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. तरी पावसाळ्यात बालाघाटकराला नदीच्या वरच्या अंगाची चौकशी करावीच लागते. तिकडे शिवनी जिल्ह्यात भीमगड येथे वैनगंगेवर संजय सरोवराचे मातीचे धरण आहे. त्याची दारे उघडली की पाणी आपल्याकडे येते. म्हणून आमच्या सभासद-कुटुंबांसाठी या विषयाची थोडी उजळणी आम्ही येथे करीत आहो.

मातीच्या धरणाचे शत्रू मुख्यतः दोन. पहिला, माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी भिंत अशा वेळी काही काळ तग धरील, पण मातीची भिंत पाहता पाहता खचते. म्हणून येणाऱ्या पुरासाठी जलाशयात जागा राखतात व सांडव्याची दारे वेळीच उघडतात. आपल्या गावी ऊन पडले असताही नदी चढते, ती यामुळेच. दुसरा शत्रू पाझर. थोडे स्वच्छ पाणी झिरपणे स्वाभाविक असते; परंतु ते गढूळ येऊ लागले, की पोटातील माती चालली असे समजावे.

हयगय किती महाग पडते, हे १२ जुलै १९६१ रोजी पुण्याने पाहिले. काम पुरते झाले नसताना भरलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आता २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यान्वये मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करणे आणि आणीबाणीची योजना तयार ठेवणे बंधनकारक आहे.

पण सरकारी व्यवस्था कितीही चोख असली, तरी शेवटचे पाऊल आपणच उचलावयाचे असते. ऑगस्ट २०२० मध्ये, ऐन गणेशोत्सवात, वैनगंगेला महापूर आला. खाली भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दची सर्व ३३ दारे उघडावी लागली. वर सोडलेले पाणी आपल्यापर्यंत पोचण्यास काही तास लागतात. तेवढीच आपली सवड! इशारा ऐकताच पात्रातील माणसे व गुरे बाहेर काढावी, शेजाऱ्यास हाक द्यावी, मुलांना पूर पाहावयास घाटावर नेऊ नये. विसर्जनासही, पाणी ओसरल्याची खात्री झाल्यावाचून कोणी पात्रात उतरू नये.

हे नियम प्रत्येक घरी मुलांस समजावून सांगावेत, एवढीच आमची विनंती.