सुवाह्य निवारा आणि पक्के शहर

जी वास्तू आपल्या जागेशी कायमची जखडलेली नसते, जी उभारता, मोडता आणि दुसरीकडे नेऊन पुन्हा उभारता येते, तिला सुवाह्य वास्तू म्हणतात. धनगरांचे पाल, तमाशाच्या फडाची कनात, ऊसतोड कामगारांची कोपी ही तिची आपल्या परिचयाची उदाहरणे होत. अशा वास्तूचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच तिच्या भिंतींकडे व छपराकडे जाते. परंतु तिची खरी परीक्षा निराळीच आहे. माणसाच्या छपराबरोबर पाणी, शौचकूप आणि मुलांची देखभाल यांचीही सोय हलते काय, हे पाहिले पाहिजे.

दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविलेली वसाहत. येथील सरकारी घरे पक्की, परंतु त्यांतील रहिवासी बदलते असतात. निवृत्तीनंतर घर सोडावे लागते. या वसाहतीजवळच्या मोहम्मदपूरसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी घरे बांधावयाची, अशी ती योजना होती. एवढ्या मोठ्या बांधकामावर मजूर दूरदूरच्या खेड्यांतून येतात आणि काम संपेपर्यंत पत्र्याच्या किंवा ताडपत्रीच्या खोपटांत राहतात. म्हणजे कायमचे घर ज्यांच्या हातून उभे राहते, त्यांचे स्वतःचे घर मात्र तात्पुरते असते.

या निवाऱ्याची दखल कायद्यानेही घेतली. बांधकाम मजुरांसंबंधीच्या १९९६ च्या कायद्याने मालकावर विनामूल्य तात्पुरती निवासव्यवस्था करण्याची जबाबदारी टाकली. स्वयंपाक, स्नान, धुणे व शौच यांसाठी स्वतंत्र सोय आवश्यक ठरविली. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी, असेही त्यात म्हटले होते.

परंतु त्यापूर्वीच, १९६९ मध्ये, मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळील गांधी दर्शनाच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातूनच ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उदयास आली. तिच्या नावातच तिचे तत्त्व सामावलेले आहे : आई जेथे कामाला जाईल, तेथे पाळणाघरही गेले पाहिजे.

यावरून असे दिसते की, सुवाह्यता हा केवळ हलक्या साहित्याचा प्रश्न नाही. पत्रे व खांब ट्रकमधून सहज नेता येतात. नळ, पाळणाघर आणि शाळा यांची मात्र प्रत्येक नव्या जागी आधीपासून योजना करावी लागते. ती केली नाही, तर जे हलते त्याला आपण घर म्हणू शकत नाही.