बाकावर निजलेला प्रभू



आज सामान्य काळातील तेहतिसावा रविवार. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१७ पासून ख्रिस्तसभा हा दिवस गरिबांचा जागतिक दिन म्हणून पाळते. त्यानिमित्त आज एका पुतळ्याचा अभ्यास करू या. पुतळा म्हणण्यापेक्षा बाकच म्हणावा.

टिमोथी श्माल्ट्झ हे कॅनडातील कॅथलिक शिल्पकार. टोरोंटोत भर रस्त्यावर, बाकावर पांघरूण घेऊन निजलेला एक मनुष्य त्यांनी पाहिला आणि ते दृश्य मनातून जाईना. त्यातून 'बेघर येशू' हे शिल्प घडले. ब्राँझचा बाक, त्यावर माणसाएवढी आकृती, डोक्यावरून ओढलेले पांघरूण. चेहरा दिसत नाही, हात दिसत नाहीत. पावले तेवढी उघडी आहेत आणि त्यांवर खिळ्यांचे व्रण आहेत. पायांशी एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी ठेवली आहे.

या प्रभूलाही सहज जागा मिळाली नाही. टोरोंटो आणि न्यू यॉर्क येथील महामंदिरांत त्याची सोय होऊ शकली नाही. अखेर २०१३ साली टोरोंटोच्या येशूसंघीय रीजिस कॉलेजने त्याला आपल्या दारात घेतले. त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी शिल्पाच्या लहान प्रतिकृतीला आशीर्वाद दिला आणि २०१६ च्या पवित्र आठवड्यात व्हॅटिकनच्या दानधर्म कार्यालयाच्या अंगणातही हा बाक आला.

२०१४ मध्ये अमेरिकेतील डेव्हिडसन या सुखवस्तू गावी एका एपिस्कोपल चर्चबाहेर तो बसवला, तेव्हा एका बाईने खरोखरच कोणी झोपले आहे असे समजून पोलिसांना फोन केला. २०२० मध्ये ओहायोतील बे व्हिलेज येथे तर वीस मिनिटांतच फोन गेला. येशूविरुद्ध पोलिसांत वर्दी! गोष्ट हसण्यासारखी आहे, पण वाचताना आम्हाला हसू आले नाही. कारण पुढे सांगतो.

सेमिनरीत आम्हाला लेव्हिनास या फ्रेंच तत्त्वज्ञाचा विचार शिकवला होता. दुसऱ्या माणसाचा चेहरा समोर येतो तेव्हाच त्याची जबाबदारी आपल्यावर येते, असे तो म्हणतो. (परीक्षेत यावर चार पाने लिहिली होती, फुटपाथवरून चालताना ती आठवली नाहीत.) श्माल्ट्झ यांनी नेमका चेहराच झाकला. आणि ते खरे आहे. डास, थंडी, दिव्याचा उजेड आणि आपल्या नजरा, या सगळ्यांपासून वाचण्यासाठी रस्त्यावरचा माणूस तोंडावरून पांघरूण घेतो. मग ओळख पटावी कशाने? थोमाला पटली तशीच, जखमांनी.

पण इथेच एक अडचण आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक राजाला एकच प्रश्न विचारतात: आम्ही आपल्याला कधी पाहिले? डावीकडच्यांनी विचारावे हे समजते. पण उजवीकडच्यांनीही प्रभूला ओळखलेले नव्हते. त्यांनी व्रण तपासून मग घरात घेतले नव्हते. पुतळ्याचे व्रण दिसले की आपण मेणबत्ती लावू, फोटोही काढू. स्टेशनबाहेर निजलेल्या माणसाच्या पायांवर भेगाच असतात.

बाक कसा असावा हे कोणीतरी ठरवलेले असते. २०१२ साली लंडनच्या कॅम्डेन भागात काँक्रीटचे असे बाक आले की त्यांवर बसता येते, पण पृष्ठभाग उतरता असल्याने आडवे होता येत नाही. अनेक शहरांत बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा लावतात. काम तेच, खर्च कमी.

आपल्या ग्रोटोजवळच्या तीन बाकांवर असेच दांडे आहेत. दोन वर्षांपूर्वी पॅरिश कौन्सिलने ठराव केला, पण सूचना आमची होती. पहाटेच्या मिस्सेला येणाऱ्या भगिनींना तिथे झोपलेल्या माणसांची भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी नव्हती. पण त्या झोपणाऱ्यांपैकी एकाशीही आम्ही बोललो नाही. दांडे बसले आणि ते दिसेनासे झाले. कुठे गेले, ठाऊक नाही. डेव्हिडसनच्या त्या बाईने निदान बाकावर कोणी आहे हे पाहिले तरी होते.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला होता. आपल्या शहरातला निवारा कुठे आहे, हे आम्ही गेल्या आठवड्यात प्रथमच विचारले. चर्चपासून चालत वीस मिनिटांवर आहे.

पुढील रविवारी सातच्या मिस्सेनंतर पॅरिश कौन्सिलच्या सभेत दांड्यांचा विषय आम्ही स्वतः मांडणार आहोत. वेल्डरला विचारून ठेवले आहे. एका बाकाला अर्धा तास लागेल म्हणाला. पहाटे येणाऱ्या भगिनींचे म्हणणे आधी ऐकायचे आहे. त्यांनी अवश्य यावे.